पीटीच्या तासात मुलं खरंच किती हलतात? घड्याळ लावून मोजायचं कसं

पीटीचा तास ३५ मिनिटांचा असतो, पण त्यात एकेका मुलाचं अंग किती मिनिटं हलतं हे विचारलं तर आपण सगळे अंदाजानेच सांगतो, आणि माझ्या मते तो अंदाज जास्तच असतो, कारण लक्ष पळणाऱ्यांकडे जातं, रांगेत नंबरची वाट बघत उभ्या असलेल्यांकडे जात नाही. बीपीएडवाल्यांना (शारीरिक शिक्षणाची पदवी करणाऱ्यांना) कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गात बदल करून त्याचा परिणाम तपासणं, करायचं असेल, शाळेत सर-मॅडम असाल, किंवा पालक म्हणून शाळेला मदत करायची असेल तर हे मोजणं फार सोपं आहे, पैसे लागत नाहीत.

आधी विषय छोटा करा. "व्यायामाचा विद्यार्थ्यांच्या क्षमतेवरील परिणाम" असला विषय घेतला की काय मोजायचं तेच कळत नाही. त्यापेक्षा असं विचारा: आठवीच्या तासात रांगा लहान केल्या तर मुलं जास्त वेळ हलतात का, आणि आठ आठवड्यांनी त्यांचा दम वाढतो का? बास, एवढंच. मग मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, पालकांना चिठ्ठी पाठवा आणि त्यात दमा, हृदयाचा त्रास, अलीकडचं ऑपरेशन असं काही आहे का हे नक्की विचारा.

आता निरीक्षण. अमेरिकेत थॉम मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली सोफिट नावाची पद्धत मांडली, तीच वापरायची. हजेरीतून चिठ्ठ्या टाकून चार मुलं निवडा (हुशार खेळाडू मुद्दाम निवडू नका), आणि कोणावर लक्ष आहे हे वर्गाला सांगू नका. एका मुलाकडे १० सेकंद बघा, पुढच्या १० सेकंदात आकडा लिहा: झोपलेला १, बसलेला २, उभा ३, चालतोय ४, चालण्यापेक्षा जास्त जोर लावतोय तर ५. चार मिनिटं झाली की दुसरं मूल, मग तिसरं, चौथं, परत पहिलं. शिकवणाऱ्याने स्वतः हे करू नये, जमतच नाही, एखाद्या सहकाऱ्याला नाहीतर प्रशिक्षणार्थीला बसवा आणि मोबाईलवर दर १० सेकंदांनी बीप लावून द्या.

३५ मिनिटांत १०५ नोंदी होतात. समजा त्यातल्या ३८ नोंदी ४ किंवा ५ आल्या, म्हणजे ३६ टक्के, म्हणजे तासातली जेमतेम साडेबारा मिनिटं. अमेरिकेच्या आरोग्य धोरणात तासाचा निम्मा वेळ हालचालीत जावा असं उद्दिष्ट ठेवलं होतं, तेच आपणही धरू. जागतिक आरोग्य संघटना तर ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, त्यामुळे आठवड्याच्या दोन तासांतलं एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. असे तीन-चार तास मोजा, एका तासावरून काही ठरवू नका.

मग बदल करा, आणि इथेच खरी मजा आहे. खोखोचंच बघा. सगळ्या वर्गाला मिळून एकच मैदान आखलं तर पाट्यांवर आठ जण बसलेले, एक पाठलाग करतोय, तिघं पळतायत, आणि ५० च्या वर्गातले बाकीचे ३८ कडेला उभे! खेळ आपला, जबरदस्त, पण तासासाठी हा आकार चालत नाही. फक्की मारून चार छोटी मैदानं आखा, प्रत्येकात चार पाट्या, खांबांच्या जागी विटा नाहीतर चपला ठेवा, दर दोन मिनिटांनी शिटी आणि बाजू बदल. कडेला उरलेल्यांना दोरीउड्या द्या, त्यांचा नंबर लगेच येतोच. रिले असेल तर रांगेत चारच जण. आऊट झालं की बाहेर बसायचं हा नियम काढून टाका, कारण लवकर आऊट होणारी मुलंच बहुतेक कमी हलणारी असतात, ज्यांना गरज आहे तीच बसून राहतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांना १० जंपिंग जॅक मारून परत खेळात घ्या. हजेरी मुलं वॉर्मअप करत असतानाच घ्या. आणि शिक्षा म्हणून राऊंड मारायला लावणं बंद करा, पळणं म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसलं की ते मूल आयुष्यभर पळत नाही.

दम मोजायला २० मीटरची बीप टेस्ट चांगली, कॅनडाच्या ल्यूक लेजे यांची. दोन रेषा २० मीटरवर, बीपच्या तालावर त्यांच्यामध्ये ये-जा पळायचं, सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, लागोपाठ दोनदा बीपच्या आत रेषा गाठली नाही की थांबायचं. स्पीकर नसेल तर खेलो इंडियाच्या चाचणीतलं ६०० मीटर धावणे-चालणे घ्या. आधी एकदा सराव करून घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी फक्त सवयीमुळे आकडा वाढतो. दोन्ही वेळा तेच मैदान, तीच सकाळची वेळ. एकदा एप्रिलच्या उन्हात आणि एकदा डिसेंबरमध्ये घेतलेली चाचणी तुलनेला काही कामाची नाही.

८वी अ मध्ये बदल करत असाल तर ८वी ब चा तास नेहमीसारखाच चालू द्या आणि त्यांचीही दोन्ही मोजमापं घ्या. या वयात मुलं नुसती वाढत असतात म्हणूनही दम वाढतो, त्यामुळे ब वर्ग नसेल तर वाढ कशाने झाली हे कळायचंच नाही. प्रयोग संपला की ब वर्गालाही तेच खेळ द्या, त्यांनी काय घोडं मारलंय.

हिशोब करताना प्रत्येक मुलाचा आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी लिहा, नुसती सरासरी काढू नका, कारण चार दमदार मुलांमुळे सरासरी वर जाते आणि मागे राहिलेली दिसत नाहीत. वजन आणि निकाल वर्गासमोर कधीही वाचून दाखवू नका, ज्याचा त्याला चिठ्ठीवर द्या. आठ आठवड्यांत दम वाढला नाही आणि हालचालीची टक्केवारी मात्र वाढली, तर तसंच्या तसं लिहा, आठवड्याला दोनच तास होते हेही लिहा, आणि परीक्षा जवळ आली म्हणून पीटीचे किती तास गणिताला गेले त्याच्या तारखा शेवटी जोडा. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक बनवताना मुख्याध्यापकांसमोर ठेवायला तो कागद उपयोगी पडतो.