मॅनोमेट्री करताना या चुका टाळा

घास अडकतो, पण दुर्बिणीत काही सापडत नाही, असा पेशंट अन्ननलिकेच्या मॅनोमेट्रीला, म्हणजे आतला दाब मोजायच्या तपासणीला येतो. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत सोडायची, आडवं झोपवून ५ मिली पाण्याचे १० घोट द्यायचे आणि अन्ननलिकेच्या आकुंचनाची लाट कशी सरकते, खालची झडप सैल पडते का, ते आलेखावर पाहायचं. आमच्या नळीवर दर सेंटीमीटरला एक असे ३६ सेन्सर आहेत. घोटांमधलं अंतर मात्र माणसालाच सांभाळावं लागतं, आणि तपासणी शिकणारी नवी मुलं नेमकी तिथंच घाई करतात.

एका घोटानंतर ३० सेकंद काहीही गिळायचं नाही, थुंकीसुद्धा नाही. लगेच दुसऱ्यांदा गिळलं की पहिली लाट दबते. यावलकडच्या एक मावशी 'लाटच नाही' असा बाहेरचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. औषधंही सुरू झाली होती. मूळ आलेख मागवला, तर १० पैकी ७ घोटांनंतर पाच-सहा सेकंदांत त्यांनी पुन्हा गिळलेलं! तपासणी परत केली. "भाऊ, तोंडमा पानी येस," त्या म्हणायच्या. गालाखाली टॉवेल ठेवला, थुंकी बाहेर वाहू द्या म्हटलं. ४० मिनिटं गेली, पण ८ घोटांना चांगली लाट मिळाली. तेव्हापासून मी स्क्रीनआधी पेशंटच्या गळ्याकडे बघतो. मध्येच कंठ हलला की तो घोट बाद.

सहा तास उपाशी ठेवलं की झालं, हाही गैरसमज. झडप उघडत नसेल तर अन्न तसंच साचून राहतं. हिवाळ्यात एकाच्या नळीबरोबर आदल्या दिवशीचं भरीत वर आलं. ते फुप्फुसात गेलं असतं तर? असा संशय असला की मी आदला पूर्ण दिवस फक्त पातळ पदार्थ सांगतो.

ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्यांनी झडप घट्ट दिसू शकते. गोळ्या विचारा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

नळी जठरात पोचली का, हे दीर्घ श्वास घ्यायला लावून बघा. श्वास आत घेताना छातीत दाब उतरतो, पोटात चढतो. हा बदल दिसला नाही तर नळी वर कुठंतरी वळलेली असू शकते.

आणि १० घोट झाले म्हणून नळी ओढून काढू नका. शिकागो वर्गीकरणाच्या (मॅनोमेट्रीवरून अन्ननलिकेचे विकार ठरवायच्या नियमांच्या) २०२१ च्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे बसवूनही घोट द्यायचे असतात. झडपेचा दाब झोपून जास्त आणि बसल्यावर नॉर्मल आला, तर 'झडपेपाशी अडथळा' असं लिहिता येत नाही.