रुएलिया लावा की, पण कुंडीत. आणि कात्री हाताशी ठेवा

सकाळी दार उघडलं की समोर नुसता जांभळा रंग, आणि संध्याकाळी चहा ठेवेपर्यंत सगळी फुलं खाली फरशीवर पडलेली, ओल्या क्रेपच्या कागदासारखी. दुसऱ्या दिवशी परत तेवढीच नवीन. ही रुएलिया. नर्सरीत मेक्सिकन पेटुनिया म्हणूनही विकतात, पण खऱ्या पेटुनियाशी हिचं काही नातं नाही, ती वांग्या-टोमॅटोच्या घरातली आणि ही अडुळशाच्या, म्हणजे आपल्या अबोलीची आणि कोरांटीची चुलत बहीणच म्हणा की. पानं लांब, अरुंद, काड्या जांभळट, उंची कंबरेपर्यंत, आणि फुलं जांभळी, गुलाबी नाहीतर पांढरी.

दर पावसाळ्यात कोणतरी मला विचारतंच, तुमच्याकडची ती जांभळी फुलं, दोन काड्या द्या की, कशी लावायची सांगा की. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लावायला एकदम सोपी आहे, इतकी सोपी की तिथंच सगळी गडबड आहे. मोकळ्या जमिनीत लावू नका, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो, घरामागं थोडं परडं आहे आणि येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याजवळ थोडं भाताचं शिवार. शेजारच्या काकूंनी पाच काड्या दिल्या होत्या, त्या मी न्हाणीचं पाणी जातं तिथं खोचल्या, म्हटलं तेवढीच ती जागा चांगली दिसेल. पहिल्या वर्षी इतकी फुलली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. दुसऱ्या पावसाळ्यात गटारीच्या चिरेत रोपं, फरशीच्या सांध्यात रोपं, तुळशीच्या वृंदावनात सुद्धा दोन. मला आनंदच, फुकटची रोपं म्हणून मी ती उपटून लोकांना वाटली पण (आता आठवलं की कसंतरीच होतंय). आणि फेब्रुवारीत छाटणी केली तेव्हा त्या काड्या सरळ उकिरड्यावर टाकल्या, उन्हाळ्यात ते खत नेहमीसारखं ट्रॉलीत भरून शिवारात गेलं, आणि श्रावणात भांगलणीला आलेल्या एका मावशीनं बांधावरनं हाक मारली, "काय हो वैनी, हे कसलं तण आणून लावलासा?" बघते तर बांधाच्या कडेनं ओळीनं जांभळी फुलं. दिसायला काय सुंदर दिसत होतं, पण माझ्या पोटात गोळाच आला.

हे होतं कसं ते समजून घ्या, कारण सगळी काळजी त्यावरच आहे. हिचे पसरायचे रस्ते तीन. एक, जमिनीखालनं पांढरी आडवी खोडं पळतात आणि हातभर लांब जाऊन वर कोंब काढतात. दोन, काडीच्या प्रत्येक पेरात मुळं फुटायची तयारी असते, तुटून ओल्या मातीवर पडली की झालं, नवीन झाड. आणि तिसरा रस्ता शेंगांचा. फूल गळालं की मागं इंचभर लांब बारीक शेंग धरते, हिरवी असते तोवर गप्प, तपकिरी झाली की एक दिवस तडकते आणि बिया लांब उडवते. लहानपणी आम्ही माळावरच्या कुठल्यातरी जांभळ्या फुलाच्या शेंगा तोंडात ओल्या करून मैत्रिणीच्या हातावर ठेवायचो आणि टक्कन फुटल्या की ती दचकायची, ती पण रुएलियाचीच एक जात, खाली गड्डे असणारी. ही बागेतली तिची मोठी बहीण. एकदा मी पिकलेल्या शेंगांची एक काडी पेपरवर ठेवून विसरले, दुपारी घरात कोणी नसताना टिक, टिक असा आवाज, मला वाटलं पाल आहे. संध्याकाळी झाडलं तर फ्रिजखालनं बिया निघाल्या. एक शेंग फोडून मोजलं तर 22 बिया, चपट्या, मसुरापेक्षा लहान. त्या पाण्यात टाकल्या तर सब्जासारखा पांढरा बुळबुळीत थर धरला आणि बोटाला चिकटून बसल्या. म्हणजे पावसात चपलेला, गाईच्या खुराला, गाडीच्या टायरला चिकटून कुठंही जाणार, आणि जिथं ओल असेल तिथं बहुतेक सगळ्या उगवणार.

मूळची ही मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेकडची. जिथं कडक बर्फ पडतो तिथं थंडीत वरचा सगळा भाग जळून जातो आणि आपोआप लगाम लागतो. आपल्याकडं बेळगावात कितीही थंडी पडली तरी तसलं काही होत नाही, डिसेंबरात फुलं कमी होतात एवढंच. वर आपला चार महिन्यांचा पाऊस. अमेरिकेत फ्लोरिडात हवा अशीच उबदार आणि पाणथळ, तिथं ही शोभेची म्हणून आली आणि ओढ्या-तळ्यांच्या काठानं पसरली, आता तिथं तिला त्रासदायक परदेशी झाडांच्या यादीत पहिल्या वर्गात टाकलंय. आपल्याला हे नवीन नाही म्हणा. घाणेरी पण दोनशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या बागेत शोभेची म्हणूनच आणली होती, आज खानापूरच्या जंगलाकडं बघा. जलपर्णी पण फुलं छान म्हणूनच देशात आली, आणि आता नाल्यात माजते.

बरं, आता लावायचं कसं.

रोप विकत घेत असाल तर बिया न धरणाऱ्या जाती निघाल्यात, पर्पल शॉवर्स म्हणून एक आहे आणि फ्लोरिडा युनिव्हर्सिटीनं काढलेल्या मायन नावाच्या जाती आहेत, जांभळ्या-गुलाबी-पांढऱ्या. पण आपल्या इकडं नर्सरीत पिशवीवर नाव कुठं लिहिलेलं असतंय, विचारलं की "रुएलियाच आहे मॅडम" एवढंच उत्तर. मग स्वतः बघायचं. झाडावर बारीक शेंगा दिसतात का, त्याच पिशवीत किंवा शेजारच्या पिशव्यांत बारकी बारकी रोपं उगवलीत का. दिसली तर ती बियांची जात. बुटकी जात मिळते, केटी म्हणतात तिला, वीत-दीड वीत उंचीची आणि गोल गुबगुबीत, कुंडीला एकदम बेस्ट, पण बुटकी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, शेंगा तिलाही धरतात. आणि बी न धरणारी मिळाली तरी काडीनं आणि मुळानं ती पसरणारच, फक्त उडायची नाही.

काडी लावायची तर पहिला वळीव पडल्यापासून श्रावणापर्यंत कधीही. पेन्सिलीएवढी जाड, तीन पेरांची काडी घ्यायची, खालची पानं काढायची आणि दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची, हार्मोन पावडर वगैरे काही लागत नाही. काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवली तरी आठ-दहा दिवसांत पेराला पांढरी मुळं सुटतात, पोरांना दाखवायला मजा येते.

कुंडी 12 इंची तरी घ्या, नाहीतर रंगाची 20 लिटरची बादली, खाली चार-पाच भोकं पाडून. दोन वाटे आपली तांबडी माती, एक वाटा जुनं शेणखत, मूठ-दोन मूठ वाळू, बस्स. काळी माती असली तरी चालते, हिला काहीही चालतं. महत्त्वाचं हे की कुंडी मातीवर ठेवायची नाही. भोकातनं मुळं निघून खाली जमिनीत उतरतात आणि तुम्ही कुंडी उचलायला गेलात की ती जागची हलत नाही, तेव्हा कळतं. टेरेसवर, सिमेंटच्या कट्ट्यावर, खाली प्लेट ठेवून. महिन्यातनं एकदा कुंडी तिरकी करून बूड बघायचं आणि बाहेर आलेलं मूळ कापायचं.

ऊन पाच-सहा तास पाहिजे. सावलीत जगते, पण काड्या नुसत्या लांबतात आणि फुलं मोजून चार. पाणी जमिनीत असती तर तिला विचारावं लागलं नसतं, कुंडीत मात्र एप्रिल-मेमध्ये रोज द्या, दुपारी माना टाकलेल्या दिसल्या तरी घाबरू नका, पाणी घातलं की तासाभरात उभी राहते. युरिया अजिबात नको, पाला माजतो आणि फुलं गायब. पावसाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मूठभर शेणखत, एवढ्यावर खूश. दर दोन वर्षांनी कुंडी उपडी करून मुळांचा गड्डा विळ्यानं निम्मा कापून टाका, नाहीतर प्लॅस्टिकची कुंडी फाटते, आमची फाटली.

कीड फारशी नाही. पांढरा मिलीबग दिसला तर साबणाच्या पाण्यानं धुवायचं. काळ्या काटेरी अळ्या पानं खाताना दिसल्या तर त्यांना राहू द्या, पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या असतात, चार पानं गेली तर काय बिघडतंय.

आता कात्री. हे खरं काम, आणि हेच कोणी सांगत नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत दर रविवारी मी दहा मिनिटं टेरेसवर जाते आणि हिरव्या शेंगा देठासकट कापून बुट्टीत टाकते. हिरव्या असतानाच. तपकिरी दिसली तर हाताच्या मुठीत धरूनच कापायची, मुठीत फुटली तर फुटू दे. एक रविवार चुकला तर चालतं, आमच्या वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेच्या गडबडीत माझा दर वर्षी चुकतोच, पण दोन चुकले की टेरेसच्या कोपऱ्यात रोपं दिसायला लागतात. पाऊस सरला की फुटवे थोडे शेंडून घ्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी सगळं झाड वीतभर ठेवून कापा, मेपर्यंत परत दाट होतं.

कापलेलं टाकायचं कुठं, तर उकिरड्यावर नाही, गटारीत नाही, नाल्याच्या कडेला तर बिलकुल नाही. उन्हाळ्यात टेरेसवर पत्र्यावर पसरा, काडी हातानं कट्टकन मोडेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात रिकाम्या खताच्या पोत्यात भरून तोंड बांधून ठेवते मी, पुढच्या उन्हाळ्यात ते वाळवून बंबात घालते.

ज्यांच्या परड्यात आधीच पसरलीय त्यांनी पाऊस पडून माती मऊ झाली की कुदळीनं वीतभर खोल खणून पांढरं मूळ तुकड्यासकट वेचायचं. नुसतं वरनं उपटलं तर ती हसते. ट्रॅक्टरचा रोटर मारायचा तर विचारही करू नका, एका मुळाचे पन्नास तुकडे होतात आणि पन्नास झाडं. तणनाशक मारून पाला जळतो पण खालनं परत फुटते, आणि भाताच्या बांधावर, विहिरीजवळ मला तसलं औषध मारवत नाही. एप्रिल-मेमध्ये ती जागा भिजवून पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायचं, कडा मातीनं दाबून पाच-सहा आठवडे, आपल्या उन्हानं वरच्या थरातल्या बऱ्याच बिया शिजतात. तरी पुढची दोन-तीन वर्षं श्रावणात बारकी रोपं उपटावी लागतातच. आमच्या बांधावर तिसरं वर्ष चालू आहे, यंदा नऊ सापडली.

आणि खरं सांगायचं तर जमिनीतच जांभळं फूल पाहिजे असेल तर जांभळी कोरांटी लावा, दसऱ्यापासून पुढं काय फुलते, इथलीच आहे. अबोली तर आहेच. तिच्या पण शेंगा पाणी लागलं की तडतडतात, पण ती गजऱ्यासाठी लावावी तर नखरे करते, हिच्यासारखी शिवारात घुसत नाही.

माझ्याकडं दोनच कुंड्या उरल्या होत्या, दोन्ही टेरेसवर. मागच्या महिन्यात निपाणीहून जाऊबाई आल्या होत्या, फुलं बघून काड्या मागितल्या. त्यातली एक कुंडी सगळ्या शेंगा काढून, बूड तपासून, तशीच उचलून त्यांच्या गाडीत ठेवली. काड्या नाही दिल्या. परवा फोन आला, कुंडी जिन्यात ठेवलीय म्हणाल्या, मी म्हटलं जिन्यात ऊन किती येतंय ते आधी सांगा.