एकच ग्रेड, दोन किमती: नाण्यांच्या लिलावाचे आकडे वाचताना या चुका टाळा

दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी. साल तेच, टांकसाळ तीच, स्लॅबवर (नाणं सीलबंद ठेवलेल्या प्लास्टिकच्या डबीवर) लेबल ग्रेड देणाऱ्या त्याच कंपनीचं आणि दोन्हींचा ग्रेड एमएस ६५, म्हणजे वापरात न आलेलं नाणं, ७० पैकी ६५. एक ज्या किमतीला गेला, त्याच्या दुप्पट किमतीला दुसरा पुढच्याच महिन्यात गेला. असं दिसलं की नवा संग्राहक दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: स्वस्तात घेणाऱ्याचं नशीब फळफळलं, किंवा महागात घेणारा फसला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. त्या दोघांनी नाणं पाहून बोली लावलेली असते आणि आपण नंतर फक्त लेबल आणि आकडा पाहत असतो.

लिलावाच्या नोंदी आज सगळ्यांना खुल्या आहेत, ही संग्राहकांसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण त्या चुकीच्या पद्धतीने वाचल्या तर नुकसानही तितकंच मोठं होतं. घेताना आपण जास्त मोजतो आणि विकताना नको त्या अपेक्षा धरून बसतो. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका इथे एकत्र मांडतो.

ग्रेड म्हणजे नाण्याचं पूर्ण वर्णन, असं समजणं

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यात आकडा थेट किमतीशी बांधलेला होता. १ ग्रेडच्या नाण्याची जी मूळ किंमत, तिच्या ७० पट किंमत ७० ग्रेडच्या नाण्याची. बाजाराने हे समीकरण लवकरच मोडून टाकलं, मोजपट्टी मात्र टिकली आणि पुढे सगळ्याच नाण्यांना लागू झाली. पीसीजीएस या कंपनीने १९८६ मध्ये आणि एनजीसी या कंपनीने १९८७ मध्ये नाणी तपासून सीलबंद स्लॅबमध्ये द्यायला सुरुवात केली, तेव्हाही आकडे तेच घेतले. आकड्यावरून किंमत निघते ही समजूत मात्र अजून मागे रेंगाळते आहे.

आज वापरात न आलेल्या नाण्याचा ग्रेड ठरवताना तपासनीस निदान चार गोष्टी पाहतात: पृष्ठभागावरच्या खुणा आणि ओरखडे, मूळ चमक म्हणजे लस्टर, ठसा किती खोल आणि पूर्ण उमटला आहे ते, आणि नाणं एकूण डोळ्यांना कसं दिसतं. या चारही गोष्टी एका आकड्यात कोंबल्या जातात. त्यामुळे चेहऱ्यावर चार खुणा असलेलं पण लखलखतं नाणं ६५ होऊ शकतं, आणि जवळपास निष्कलंक पण मलूल चमकेचं नाणंही ६५ होऊ शकतं. आकडा दोन्हींचा बरोबरच असतो. बोली लावणाऱ्याला मात्र त्यातलं एकच हवं असतं, आणि बहुतेकांना तेच हवं असतं.

मॉर्गन डॉलरमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे डॉलर सहसा खणखणीत ठशाचे असतात. न्यू ऑर्लिन्सच्या बऱ्याच वर्षांच्या डॉलरवर लिबर्टीच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीची पिसं सपाट राहिलेली असतात. न्यू ऑर्लिन्सचं एखादं पूर्ण ठशाचं नाणं लिलावात आलं की त्या सालाचे जाणकार जागे होतात. लेबलवर याबद्दल एक अक्षरही नसतं.

शिवाय ६५ हा बिंदू नाही, पट्टा आहे. थोडक्यात ६६ हुकलेलं नाणं आणि कसंबसं ६५ मध्ये शिरलेलं नाणं, दोन्ही याच पट्ट्यात बसतात. हा फरक दाखवायला दोन्ही कंपन्यांनी २०१० मध्ये ग्रेडपुढे प्लस द्यायला सुरुवात केली. त्याआधी, २००७ मध्ये, सीएसी आली. ही संस्था आधीच स्लॅबमध्ये असलेली नाणी पुन्हा पाहते. ग्रेडला पक्कं उतरणाऱ्या नाण्याच्या स्लॅबवर हिरवं स्टिकर लागतं आणि ग्रेड कमीच दिला गेलाय असं वाटलं तर सोनेरी. स्टिकरच्या नाण्यांसाठी सीएसी स्वतः खरेदीच्या बोली ठेवते, म्हणून त्यांच्या किमतीला खालून आधार मिळतो. स्टिकर असलेल्या आणि नसलेल्या ६५ च्या किमती एका रकान्यात मांडून सरासरी काढली, तर ती सरासरी दोन्हींपैकी कुठल्याच नाण्याची नसते.

आकड्यामागची अक्षरं न वाचणं

ही चूक महागात पडते आणि टाळायला सगळ्यात सोपी आहे. मर्क्युरी डाइम हे १९१६ ते १९४५ मधलं चांदीचं छोटं नाणं. त्याच्या मागच्या बाजूला काठ्यांची मोळी आहे आणि ती बांधणारे आडवे पट्टे. मधल्या पट्ट्यांमधली फट स्पष्ट असेल तर लेबलवर एफबी, म्हणजे फुल बँड्स, असं लिहिलं जातं. फिलाडेल्फियाचं १९४५ चं डाइम एमएस ६५ मध्ये अगदी सहज मिळतं. तेच एफबीसह मिळणं फार दुर्मिळ, आणि किमतीतला फरक शेकडो पटींचा आहे. ग्रेड दोन्हींकडे ६५ च.

तांब्याच्या नाण्यांना रंगाची अक्षरं असतात: आरडी म्हणजे मूळ लाल, आरबी म्हणजे लाल-तपकिरी, बीएन म्हणजे तपकिरी. मूळ लाल रंग साधारण ९५ टक्के किंवा त्याहून जास्त टिकलेला असेल तरच आरडी मिळतं. आणि तांबं स्लॅबमध्येही गडद होत जाऊ शकतं, म्हणून काही वर्षांपूर्वी आरडी लेबल मिळालेलं नाणं आज तितकंच लाल असेल असं धरू नका. मॉर्गनसाठी पीएल आणि डीएमपीएल ही आरशासारख्या पृष्ठभागाची अक्षरं, प्रूफ (संग्राहकांसाठी खास ठोकलेल्या) नाण्यांसाठी चित्राच्या उठावदारपणाची कॅमिओ आणि डीप कॅमिओ, एनजीसीच्या लेबलवर विशेष देखणेपणाबद्दल दिलेला तारा, हे सगळं किमतीत मोजलं जातं. शोधताना फक्त साल आणि ग्रेड टाकला तर ही सगळी नाणी एकाच यादीत मिसळून येतात.

लेबलवर आकड्याऐवजी 'डिटेल्स' असेल तर ते नाणं या तुलनेत धरूच नका. ते साफ केलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे.

फोटो न पाहणं, किंवा फोटोवर जास्तच विश्वास टाकणं

चांदी जुन्या कागदी अल्बममध्ये किंवा कापडी पिशवीत वर्षानुवर्षं राहिली की गंधकाशी संयोग होऊन तिच्यावर रंग चढतात. याला टोनिंग म्हणतात. निळा, जांभळा, सोनेरी असे पट्टे ओळीने आले आणि खालची चमक शाबूत असली, तर दोन हौशी मंडळी सामान्य सालाच्या नाण्यालाही नेहमीच्या किमतीच्या कित्येक पट मोजतात. हेच टोनिंग पुढे जाऊन काळवंडलं की नाणं नेहमीपेक्षा कमी किमतीला जातं. ग्रेड दोन्हीकडे सारखा असू शकतो. म्हणून जुन्या विक्रीचा आकडा घेण्याआधी त्या विक्रीचा फोटो उघडून बघायलाच हवा.

फोटोही सांभाळून वाचावा. एका कोनातल्या प्रकाशात रंग पेटून उठतात, दुसऱ्या कोनात ते नाणं करडं दिसतं. बारीक ओरखडे स्थिर चित्रात हरवतात. लस्टर तर नाणं हातात फिरवल्याशिवाय कळतच नाही. लिलावाआधी लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेलं नाणं, प्रत्यक्ष बघून आलेला विक्रेता आणि पडद्यावर बघणारा आपण, यांच्या बोलींत फरक पडतो तो इथे.

ग्रेड बदलेल या आशेची किंमत न ओळखणं

बऱ्याच सालांमध्ये एका ग्रेडवरून पुढच्या ग्रेडवर जाताना किंमत पायरीने नाही, कड्याने चढते. समजा ६४ ची नेहमीची किंमत ३०० डॉलर आणि ६५ ची २,०००. अशा वेळी ६४ चं एखादं नाणं ९०० ला गेलं तर ते वेड नव्हे. दोन जाणकारांनी ते पाहून ठरवलेलं असतं की स्लॅब फोडून पुन्हा पाठवलं तर ६५ मिळायची बरी शक्यता आहे. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या काळातल्या जुन्या स्लॅबमधली नाणी म्हणूनच महाग जातात. तेव्हाचे निकष जास्त कडक होते, असं मानणारे बरेच आहेत, आणि ते जुने स्लॅब जपणारेही आहेत. ही ९०० ची नोंद आपल्या साध्या ६४ च्या किमतीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कंपन्या प्रसिद्ध करतात ते संख्येचे तक्ते, ज्यांना पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, तेही फुगतात. तेच नाणं पुन्हा पुन्हा फोडून पाठवलं आणि जुनं लेबल परत केलं नाही, तर एक नाणं तक्त्यात तीन-चार वेळा मोजलं जातं. त्यामुळे तक्त्यात चाळीस दिसली म्हणजे नाणी चाळीस आहेत असं नाही. उलट बाजूने, 'याहून वरचं एकही नाही' म्हणून मोठी किंमत दिलेल्या नाण्याच्या वर उद्या एखादं नवं नाणं ग्रेड होऊन येऊ शकतं. रजिस्ट्री सेटमध्ये, म्हणजे ग्रेडनुसार संग्रहांना क्रमांक देणाऱ्या कंपन्यांच्या याद्यांत, पहिल्या क्रमांकासाठी झुंजणारे संग्राहक जी किंमत देतात, ती त्या क्रमांकाची असते. क्रमांक गेला की ती किंमतही टिकत नाही.

हातोड्याची किंमत आणि एकूण किंमत यांची सरमिसळ

हातोडा, म्हणजे शेवटची बोली, १,००० डॉलरवर पडला आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह घेणाऱ्याकडून वर घेतं ते शुल्क, २० टक्के असला तर घेणारा १,२०० मोजतो. विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के असेल तर त्याच्या हातात ९०० येतात. एकाच विक्रीचे हे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. काही लिलावगृहं नोंदीत प्रीमियम धरून किंमत देतात, काही फक्त हातोड्याची. तुलना करण्याआधी तो आकडा कुठला हे बघून घ्या. प्रीमियमचा दरही सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखा नसतो.

एका विक्रीला बाजारभाव मानणं

लिलावात किंमत जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या एक टप्पा वर हातोडा पडतो. त्या दिवशी तो दुसरा माणूस आला नाही, त्याचे पैसे आधीच्या लॉटमध्ये संपले, किंवा ते नाणं त्याला नुकतंच दुसरीकडे मिळालं, तर तेच नाणं बरंच खाली जातं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मोठ्या नाण्यांत सापडतं, कारण तिथे तेच एक नाणं पुन्हा पुन्हा येतं. पीसीजीएसने एसपी ६६ (एसपी म्हणजे स्पेसिमेन, खास ठोकलेलं नाणं) दिलेला १७९४ चा फ्लोइंग हेअर डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या थोडं वर गेला. २०२० मध्ये तोच डॉलर लिलावात आला आणि राखीव किंमत (विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत) न गाठल्याने विकलाच गेला नाही. १८०४ च्या डॉलरचं पीआर ६८ चं (पीआर म्हणजे प्रूफ) नाणं १९९९ मध्ये ४१.४ लाख डॉलरला गेलं, २०१६ मध्ये न विकता परत गेलं आणि २०२१ मध्ये ७६.८ लाखांना विकलं गेलं. धातू तोच आणि नाणंही तेच. बदलली ती बोली लावणारी माणसं आणि वेळ.

म्हणून तीन-चार विक्री एकत्र बघाव्यात, त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची का तशी गेली ते शोधावं, आणि कारण सापडलं नाही तर ती सरळ बाजूला ठेवावी. प्रसिद्ध संग्रहातून आलेलं नाणं, उदाहरणार्थ लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहातलं, वंशावळीची किंमत घेऊन येतं. ती सामान्य नाण्याला लावू नये.

शिळे आकडे

१९८९ मध्ये गुंतवणूकदारांचा पैसा स्लॅबबंद नाण्यांत ओतला गेला, किमती शिखरावर गेल्या आणि लगेच पुढे कोसळल्या. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा मॉर्गन १९६२ पर्यंत मालिकेतल्या सर्वांत दुर्मिळ नाण्यांत गणला जाई. त्याच्या थैल्या सरकारी तिजोरीतून बाहेर आल्या आणि भाव बसला. सामान्य सालाच्या २० डॉलरच्या सोन्याच्या नाण्यात ०.९६७५ ट्रॉय औंस शुद्ध सोनं असतं, त्यामुळे खालच्या ग्रेडमध्ये त्याची किंमत सोन्याच्या भावाबरोबरच हलते. दोन वर्षांपूर्वीचा आकडा इथे निरुपयोगी. दुर्मिळ सालांमध्ये मात्र पाच वर्षं जुनी विक्रीही कधी कधी एकमेव आधार असते, कारण मध्ये दुसरी झालेलीच नसते.

आपलं नाणं अपेक्षेपेक्षा कमी किमतीला गेलं तर

आधी अपेक्षा कुठून आली ते तपासा. ती प्राइस गाइडमधली असेल तर बहुधा किरकोळ विक्रीचा अंदाज होता. ती लिलावाची नोंद असेल तर प्रीमियम वजा करून बघा. मग आपल्या नाण्याचा आणि त्या जुन्या विक्रीतल्या नाण्याचा फोटो शेजारी ठेवा आणि लेबलं झाकून टाका. पाच जाणकारांना विचारलं आणि पाचांनीही दुसरंच नाणं निवडलं, तर उत्तर मिळालं. निवड विभागली गेली तर कारण विक्रीत शोधा: त्याच लिलावात तसंच नाणं आणखी किती होतं, वर्णनात नाण्याची खासियत लिहिली होती का, फोटो मंद होता का.

नाणं विकलं न जाता परत आलं असेल तर लगेच पुढच्या लिलावात टाकू नका. जुना लॉट नोंदींमध्ये राहतो, घेणारे तो शोधतात, आणि दोन महिन्यांत दुसऱ्यांदा दिसलेल्या नाण्यावर पहिल्यापेक्षा कमी बोली येते. राखीव किंमत खाली आणायला तयार नसाल, तर ते वर्षभर तरी घरीच असू द्या.