शेजारच्या डेस्कवरचा गोंगाट: या चुका टाळा

"हो… हो… नाही, तसं नव्हतं म्हटलं मी… कधी?… अरे बापरे! मग ती काय म्हणाली?"

शेजारच्या डेस्कवर फोन चालू आहे आणि तुमच्यापुढे अर्धा लिहिलेला ई-मेल. ती काय म्हणाली हे कळेपर्यंत तो ई-मेल काही पुढे सरकत नाही. त्या 'ती'शी तुमचं काही देणंघेणं नाही, तरीही कान तिकडेच.

त्याच वेळी डोक्यावर एसी घरघरत असतो, कोपऱ्यात प्रिंटर खडखडत असतो. त्यांचा आवाज फोनवरच्या बोलण्यापेक्षा मोठाही असेल, पण त्यांच्यावर कुणी चिडत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये ही गोष्ट तपासून पाहिली. लोकांना लक्ष देऊन करायची कामं दिली आणि मागे बोलणं ऐकवलं. संवादाच्या दोन्ही बाजू ऐकू येत होत्या तेव्हा कामावर फारसा परिणाम झाला नाही. एकच बाजू ऐकू आली तेव्हा काम बिघडलं. राहिलेली बाजू मेंदू आपणहून जुळवायला बसतो, आपण सांगितलं नसतानाही. तेच एका बाजूचं बोलणं शब्द कळणार नाहीत इतकं अस्पष्ट करून ऐकवलं, तेव्हा त्रास नाहीसा झाला.

थोडक्यात, डोक्याला ताप होतो तो कळणाऱ्या शब्दांचा. आवाज किती मोठा हा पुढचा प्रश्न. आपण मात्र उपाय शोधतो ते आवाजावर. नाहीतर माणसावर.

मोबाइलवर डेसिबल मोजून तक्रार करणं

मोबाइलमध्ये आवाज मोजणारं अ‍ॅप टाकायचं, शेजारी बोलत असताना स्क्रीनशॉट काढायचा आणि मॅनेजरला पाठवायचा, हा मोह बऱ्याच जणांना होतो. त्यातून आपलीच बाजू लंगडी होते. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. कामाच्या ठिकाणी कानाला इजा होऊ नये म्हणून सांगितली जाणारी मर्यादा दिवसाचे ८ तास ८५ डेसिबल अशी असते. तुमचा ६२ चा आकडा पाहून मॅनेजर म्हणणार, "हे तर ठीकच आहे." आणि त्या मोजपट्टीने पाहिलं तर त्याचं खरंही आहे.

ओपन ऑफिससाठी वेगळी मोजपट्टी आहे. आयएसओ ३३८२-३ या आंतरराष्ट्रीय मानकात बोलणाऱ्यापासून किती अंतरावर त्याचे शब्द नीटसे कळेनासे होतात, ते मोजतात. २०१२ च्या आवृत्तीत उदाहरणादाखल आकडे दिले होते: हे अंतर ५ मीटरच्या आत असेल तर ऑफिस चांगलं, १० मीटरच्या पुढे गेलं तर वाईट. मोजमापाची यंत्रं आपल्याकडे नसतात, पण प्रश्न तोच विचारता येतो. "किती मोठा आवाज येतो" हे सांगण्यापेक्षा "चौथ्या डेस्कवरच्या कॉलमधलं वाक्य न् वाक्य मला इथे बसून सांगता येतं" हे मॅनेजरला चटकन पटतं. त्यात ग्राहकांची नावं आणि रकमा असतील तर फारच लवकर.

महागडे हेडफोन घेऊन निश्चिंत होणं

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले की प्रश्न मिटला, असं वाटतं. दोन दिवसांनी लक्षात येतं की एसीची घरघर गेली, पण शेजारच्याचा शब्द न् शब्द पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतोय! हेडफोन खराब नाहीत. हे तंत्र बाहेरच्या आवाजाच्या उलट लहर तयार करून तो आवाज मारतं, आणि ते सर्वांत चांगलं चालतं खर्जातल्या, एकसारख्या आवाजावर: विमानाचं इंजिन, पंखा, एसी. माणसाचं बोलणं क्षणाक्षणाला बदलतं आणि त्यातली व्यंजनं बरीच वरच्या पट्टीत असतात. ती सुटून आत येतात. वर बोलणं थोडंफार झाकणारी घरघर आपण पैसे मोजून घालवलेली असते.

या कामाला फोमचे साधे इअरप्लग जास्त उपयोगी पडतात, कारण ते वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवतात आणि शब्द कळतात ते मुख्यतः त्याच पट्टीवर. फक्त ते नीट घालावे लागतात. बहुतेक लोक बोळा कानाच्या तोंडाशी दाबून ठेवतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून फेकून देतात. बोटांत फिरवून फिरवून तो बारीक वात होईल इतका दाबायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगून बसेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की समजायचं, बसला. त्यावर कान झाकणारे हेडफोन आणि त्यात पावसाचा किंवा धबधब्याचा एकसुरी आवाज हळू लावला, की शेजारचं बोलणं बोलणं राहत नाही, नुसती गुणगुण उरते. दिवसभर मात्र कान असे बंद ठेवू नयेत. दोन-तीन तासांच्या अवघड कामापुरते पुरे. प्लग स्वच्छ हवेत आणि कान दुखत असेल तर मुळीच नकोत.

याच भानगडीतल्या आणखी दोन चुका. पहिली, बोलणं दाबायला गाणी लावणं. वाचायचं किंवा लिहायचं काम असेल तर शब्द असलेलं गाणं म्हणजे कानाशी आणून बसवलेला दुसरा शेजारीच. दुसरी, आवाज वाढवत नेणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं चालतं. ९० वर गेलात तर तेच फक्त ४ तास. पूर्ण आठवडा ऑफिसात हेडफोन लावून बसणाऱ्याने हा हिशेब एकदा करावाच.

टोमणे, सुस्कारे आणि ग्रुपवरचा मेसेज

"सर्वांनी कृपया शांतता राखावी." ऑफिसच्या ग्रुपवर हा मेसेज पडला की जे आधीच शांत असतात ते आणखी गप्प होतात आणि ज्याच्यासाठी तो टाकला तो त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकून पुढच्या कॉलला लागतो. हे आपल्यासाठी आहे असं त्याच्या मनातही येत नाही. खुर्ची सरकवणं, मोठ्याने सुस्कारा सोडणं, तिसऱ्याशी बोलताना "आज बाजार भरलाय वाटतं" असं म्हणणं, सगळ्याची गत तीच. नाहीतर त्याला कळतं आणि लागतं, आणि मग आवाजाचा मुद्दा बाजूला पडून मानापमान सुरू होतो.

मोठ्याने बोलणारा बहुतेक वेळा उद्धट नसतो. त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिलं की कानावर गोंगाट पडत असेल तर माणूस नकळत आवाज चढवतो. दोन्ही कान झाकणारा हेडसेट घालून कॉलवर बोलणाऱ्याचं थोडंफार तसंच होतं, आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाजच राहत नाही. एक ओरडला की शेजारचा त्याच्यावर आवाज चढवतो, आणि दुपारपर्यंत अख्खा मजला वरच्या पट्टीत. त्यामुळे "हळू बोल ना" हे सांगणं दोन मिनिटं टिकतं. त्याऐवजी "एक कान उघडा ठेवून बघ" हे सुचवून बघा. काही हेडसेटच्या सेटिंगमध्ये साइडटोन नावाची सोय असते. ती चालू केली की बोलणाऱ्याला आपला आवाज कानात ऐकू येतो आणि तो आपोआप खाली येतो. दोष माणसाकडून हेडसेटवर ढकलला जातो, हा वरचा फायदा. समोरच्याला मान खाली न घालता सुधारता येतं.

सांगायचं कधी आणि कसं, यावर बरंच अवलंबून आहे. कॉल चालू असताना हातवारे करू नयेत. चिडलेले असाल तेव्हा तर नकोच. कॉल संपल्यावर, इतर कुणी ऐकत नसताना, त्याच्या आवाजापेक्षा स्वतःच्या कामाबद्दल बोला आणि मागणी एकच, नेमकी ठेवा. उदाहरणार्थ:

"दोन मिनिटं आहेत का? सकाळी मी आकडे जुळवत असतो आणि तुझे कॉल नेमके तेव्हाच येतात. शब्द कानावर पडले की माझी ओळ चुकते. अकरापर्यंतचे कॉल त्या छोट्या खोलीत घेशील का?"

यात "तू किती मोठ्याने बोलतोस" हे वाक्य कुठेही नाही. समोरचा वयाने किंवा हुद्द्याने मोठा असेल तर मागणी आणखी लहान करावी: "कॉल सुरू करायच्या आधी मला जरा खूण कराल का? तेवढा वेळ मी पलीकडे जाऊन बसेन." आश्चर्य म्हणजे बरेच वरिष्ठ यावर स्वतःच उठून खोलीत जातात.

आणि हे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बोलून टाकावं. सहा महिने दात-ओठ खाऊन काढले तर पहिलं वाक्य तोंडातून निघतं तेच भांडणाच्या सुरात, आणि समोरचा रास्तपणे विचारतो, "मग इतके दिवस का नाही बोललास?"

"होईल सवय"

एसीची सवय होते. बोलण्याची होते असं आपण धरून चालतो, कारण काही दिवसांनी चिडचिड कमी होते. पण चिडचिड कमी होणं आणि त्रास कमी होणं एक नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० महिला कर्मचाऱ्यांपैकी काहींना ३ तास नेहमीच्या ऑफिसइतक्या, म्हणजे फार मोठ्या नसलेल्या गोंगाटात काम दिलं, बाकीच्यांना शांततेत. ताण जाणवतो का, असं विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं सारखीच आली. प्रत्यक्षात गोंगाटातल्या गटाच्या लघवीत अ‍ॅड्रेनॅलिन वाढलेलं होतं, नंतर दिलेली न सुटणारी कोडी त्यांनी लवकर सोडून दिली, आणि काम करताना बसण्याची ढबही त्यांनी कमी वेळा बदलली. संध्याकाळी मान आखडते तेव्हा आपण खुर्चीला शिव्या घालतो.

याच विषयातलं जुनं आणि माझ्या मते सर्वांत कामाचं निरीक्षण डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांचं आहे. १९७० च्या आसपासच्या त्यांच्या प्रयोगांत काही लोकांना गोंगाट बंद करायचं बटण दिलं होतं, आणि शक्यतो ते दाबू नका असंही सांगितलं होतं. बहुतेकांनी दाबलं नाही. तरीही, गोंगाट तेवढाच सोसून, नंतरच्या कामात ते बटण नसलेल्यांपेक्षा बरेच सरस ठरले. तेव्हा आपल्यासाठी असं एखादं बटण शोधून ठेवावं: रिकामी मीटिंग रूम कुठली, ती कशी बुक करायची, आठवड्यातून एक दिवस घरून काम मिळतं का. वापरलं नाही तरी चालेल, हाताशी हवं.

तोवर कामाची वेळ तरी आपल्या हातात असते. वाचणं, लिहिणं, आकड्यांचा क्रम डोक्यात धरून जुळवणं, या कामांना मागचं बोलणं सर्वांत जास्त बाधतं. फाइली लावणं, फॉर्म भरणं, ठरावीक उत्तरं पाठवणं गोंगाटातही निभतं. सगळ्यांचे कॉल अकराला सुरू होत असतील तर त्या तासाला अहवाल लिहायला बसणं हा हट्ट झाला.

डेस्कवर फोम चिकटवणं

मॉनिटरमागे फोमचा तुकडा किंवा झाडांच्या दोन कुंड्या ठेवून शेजारचा आवाज अडत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आरपार जाणारा आवाज नव्हे. बसलेल्या माणसाचं तोंड जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतं. पार्टिशन त्याहून बुटकं असेल तर ते फक्त फाइली टेकवायला. उंच पार्टिशनवरूनही आवाज छताला आपटून पलीकडे उतरतो, म्हणून पैसे घालायचेच तर आधी छतात. हे काम कंपनीचं आहे, स्वतःच्या खिशातून करू नये.

कंपनीकडे मागणी करताना "मोकळ्या ऑफिसमुळे लोक एकमेकांशी बोलतात" असं उत्तर आलं तर हार्वर्डच्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास जवळ असू द्या. दोन कंपन्या भिंती काढून मोकळ्या ऑफिसात गेल्या तेव्हा समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. लोक ई-मेल आणि चॅटकडे वळले. सोबत दोन आठवड्यांची साधी नोंद जोडा: वार, वेळ, कसला आवाज, कुठलं काम अडलं. नावं लिहू नका. नावं आली की मागणी बाजूला राहते आणि चौकशी सुरू होते.

जागा बदलून मिळणार असेल तर घाईने हो म्हणू नका. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ऑफिसात छत आणि काच तो परत फेकतात, त्यामुळे तेवढाही उतरत नाही. काचेच्या भिंतीसमोरचा, लिफ्टच्या वाटेवरचा किंवा मीटिंग रूमच्या दाराजवळचा कोपरा लांबून शांत दिसतो. सर्वांत जास्त कॉल चालतात त्या वेळी तिथे तासभर काम करून पाहा आणि मगच सामान हलवा.