टेकऑफलाच विमान का पडतं? चाकं सुटण्याआधीच्या या चुका टाळा

गोव्यातली मुलं पायलट व्हायला बारामती, धुळे, गोंदियाला जातात आणि सुट्टीत घरी आली की एक वाक्य हमखास ऐकवतात: "आपलं दाबोळी समुद्राला लागून, हवा दाट, तिथे टेकऑफला कसली चिंता?" इथूनच चुकायला सुरुवात होते.

दाबोळीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ५६ मीटरवर आहे. प्रमाणित हवामानात तिथे १५ अंशांच्या आसपास तापमान धरतात. एप्रिलातल्या दुपारी असतात ३३, आणि हवा तापली की विरळ होते, जणू आपण उंचावर आहोत. वरच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट लावा, म्हणजे विमानाच्या लेखी ही धावपट्टी सातशे मीटर उंचीच्या पुढे गेली. बारामती मुळात पाचशे मीटरहून उंच. तिथे ४० अंशांच्या उन्हात हाच हिशेब दीड हजार मीटर ओलांडतो, म्हणजे महाबळेश्वराच्याही वर. त्यात आपल्याकडचा दमटपणा. दमट हवा अंगाला जड वाटते खरी, पण ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पंख कमी उचलतात, प्रोपेलर कमी ओढतो, इंजिनाचा जोरही घटतो. दाबोळीला किंवा मोपाला तीन किलोमीटरच्या वर धावपट्टी असल्याने छोट्या विमानाला लांबी कमी पडणार नाही. कमी पडतो तो चढण्याचा वेग, आणि पुढे सड्याची कड, टेकडी किंवा माडांची रांग असते.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की टेकऑफचं अंतर सुमारे १० टक्के वाढतं. वजन १० टक्के वाढलं की २० टक्के. पाठीमागून वारा असेल आणि तो उड्डाणवेगाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असला तरी आणखी २० टक्के. हे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. तिन्ही एकदम आले तर अंतर दीडपटीहूनही जास्त.

वजनाबाबत फसवणूक करते ती सीटांची संख्या. सेसना १७२ला चार सीटा आहेत, म्हणून चार माणसं बसवायची, हे रिक्षातलं गणित. तिच्या नव्या मॉडेलमध्ये माणसं, सामान, इंधन सगळं मिळून साधारण ४०० किलो मावतं. टाक्या पूर्ण भरल्या की त्यातले १४०-१४५ किलो इंधनाचेच. ७५ किलोची चार माणसं धरा, मर्यादा ओलांडली. बॅगा आणि काजूची पाकिटं अजून बाकीच आहेत. शिवाय जड सामान मागे टाकलं की तोल शेपटीकडे जातो, नाक आपोआप वर उठतं आणि पायलटला ते खाली आणता येत नाही. २००१ साली बहामात गायिका आलियाचं सेसना ४०२ टेकऑफनंतर लगेच पडलं, नऊही जण गेले. तेही ठरलेल्या वजनापेक्षा जड होतं आणि तोल मागे गेलेला होता.

इंधनाची तपासणी घाईत उरकणं ही मला सगळ्यात न परवडणारी चूक वाटते. पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या ओलसर हवेचं पाणी होतं. टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं असेल तर पाऊसही आत जातो. पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना, इंजिन मजेत चालतं. टेकऑफला नाक वर झालं की तळातलं पाणी नळीच्या तोंडाशी येतं आणि शंभर-दोनशे फुटांवर इंजिन खोकायला लागतं. नमुना काढून पेला उजेडात धरा. १००एलएल एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) निळसर दिसतं, पाण्याचा थेंब खाली वेगळा चमकतो. पण पेल्यात थर नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. सगळाच पेला पाण्याने भरला तरी थर दिसत नाहीत! निळा रंग आणि वास, दोन्ही पाहा.

फ्युएल सिलेक्टर (टाकीतून इंधन सोडणारी चावी) बंद राहिला तरी नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उरलेल्या पेट्रोलवर विमान टॅक्सी करून टेकऑफपर्यंत पोचू शकतं. पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेटचं इंधन भरलं तरी जुन्या साठ्यावर सुरुवात ठीक होते. म्हणजे "इंजिन सुरू झालं" हा पुरावा नाही.

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या विमानात आणखी एक भानगड, जी ऐकून लोक हसतात: गोव्याच्या उकाड्यात बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान वीस-तीस अंशांनी खाली येतं. हवा दमट असेल तर आत बर्फ धरतो. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत खूप वेळ मंद इंजिनावर उभे असाल तर निघण्यापूर्वी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढा. आरपीएम आधी थोडा पडेल. मग पहिल्यापेक्षा वर चढला तर बर्फ होता. हीट परत बंद करूनच टेकऑफ घ्या.

बाकीच्या चुका दिसायला फुटकळ. सीट रुळावर नीट अडकलेली नसली तर वेग घेताना ती मागे सरकते, आधारासाठी हातातला योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढला जातो आणि नाक आकाशात. वेग मोजण्यासाठी हवा घेणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, मग वेगदर्शकाचा काटा हलत नाही. काटा हलला नाही तर तिथेच थांबा. कंट्रोल लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स हलू नयेत म्हणून लावलेली अडक) काढायला विसरण्याची चूक तर मुरलेल्यांचीही झाली आहे: १९३५ साली राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ त्यामुळेच कोसळलं आणि लेखी चेकलिस्टची पद्धत रुळली. कंट्रोल्स नुसते मोकळे आहेत का एवढंच नाही, योग्य दिशेला हलतात का तेही पाहा. योकवर अंगठा ताठ ठेवून फिरवा; अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर गेलं पाहिजे.

धावपट्टीच्या मध्यावर उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल बंद. ही खूण निघण्यापूर्वीच ठरवा, कारण धावताना "अजून थोडं बघू" असंच वाटत राहतं. मोठ्या एअरबसच्या मागोमाग निघायची घाई नको. तिच्या पंखांमागचे भोवरे दोन-तीन मिनिटं टिकतात.

आणि चारशे फुटांवर इंजिन गेलंच, तर मागे वळू नका. आधी नाक खाली, वेग राखा, मग समोर थोडं डावी-उजवीकडे जे मोकळं असेल तिथे उतरा: खाजनातलं शेत, वाळू, नाहीतर पाणी. वळताना ४५ अंश कलंडलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो) जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. शिवाय परत धावपट्टीच्या रेषेत यायला अर्धं वर्तुळ पुरत नाही, त्याहून जास्त वळावं लागतं. चिखलात विमान उलटलं तरी माणसं बऱ्याचदा चालत बाहेर येतात. वळणात स्टॉल होऊन पडलेल्यांच्या वाट्याला ते क्वचितच येतं.

अपघातानंतर व्हॉट्सअॅपवर "इंजिन फेल" हा निकाल तासाभरात लागतो. छोट्या विमानात बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो, म्हणून तपास करणारे प्रोपेलरची पाती बघतात. पाती पिळवटली असतील तर जमिनीला लागताना इंजिन जोर देत होतं. एखादं पातं सरळच राहिलं असेल तर बहुधा नव्हतं. एएआयबीचा (विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था) प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत येणं अपेक्षित असतं. तो हाती आला की आधी सिलेक्टर, फ्लॅप (पंखाच्या मागच्या, खाली येणाऱ्या फळ्या) आणि ट्रिम (नाक वर-खाली स्थिर ठेवणारी योजना) कुठल्या स्थितीत सापडले ते वाचा, मग वजनाचा हिशेब.