निकालपत्रातला ‘नंतर’

ऑस्ट्रेलियाच्या कौशल्याधारित व्हिसासाठी ऑस्ट्रेलियन कम्प्युटर सोसायटीकडून, म्हणजे एसीएसकडून, पदवी आणि अनुभवाचे मूल्यांकन करून घ्यावे लागते, वय, पदवी, इंग्रजी आणि अनुभव यांचे पॉइंट कसे मोजतात आणि ईओआय, म्हणजे व्हिसात रस असल्याचा प्राथमिक अर्ज, कुठे भरतात, हे वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला लिहायचे आहे ते मूल्यांकनाचा निकाल हाती आल्यानंतर होणाऱ्या एका चुकीबद्दल. ती चूक मी 2019 मध्ये केली आणि ती निस्तरण्यात माझी साडेतीन वर्षे गेली.

माझी पदवी मुंबई विद्यापीठाची, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची. 17 ऑगस्ट 2009 रोजी मी ऐरोलीतील एका कंपनीत रुजू झाले. डोंबिवलीहून ठाण्याला उतरायचे, तिथून ट्रान्सहार्बरची गाडी पकडायची आणि दिवसभर प्रोग्रॅम लिहायचे, हा क्रम पहिल्या दिवसापासून कधी बदलला नाही. त्यामुळे माझ्या मते माझा अनुभव अगदी सरळ होता: एकच कंपनी, एकच काम, जवळजवळ दहा वर्षे. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या व्यवसायासाठी, म्हणजे 261313 या कोडखाली, मी अर्ज केला आणि निकाल अनुकूल आला. त्या दिवशी घरी श्रीखंड आणले गेले. पत्र मात्र कोणीच नीट वाचले नाही.

पत्रात दोन गोष्टी होत्या. माझ्या पदवीत संगणकाचे विषय ‘मायनर’, म्हणजे गौण, इतकेच आहेत, असे पहिल्या भागात म्हटले होते. दुसऱ्या भागात एक वाक्य होते, त्याचा आशय असा की, ऑगस्ट 2014 नंतरची नोकरी त्या व्यवसायाला साजेशा कौशल्यपातळीची मानली जाईल. त्याखाली माझ्या नोकरीच्या तारखा 2009 पासून आजपर्यंत अशा पूर्ण छापलेल्या होत्या. माझी नजर त्या तारखांवर गेली आणि मी निश्चिंत झाले. घात झाला तो इथे.

हे मी जरा सावकाश सांगते, कारण डोंबिवली-ठाण्यातल्या निदान चार ओळखीच्यांना मी हीच गोष्ट समजावली आहे आणि चौघांनीही आधी माझ्याशी वाद घातला आहे. एसीएस तुमचा सगळा अनुभव तपासते, पण सगळा पॉइंटसाठी मोकळा सोडत नाही. पात्रता पूर्ण करण्यासाठी लागणारी वर्षे ती आधी कापून घेते. पदवीत संगणक हा मुख्य विषय असेल आणि तो निवडलेल्या व्यवसायाशी जुळत असेल, तर गेल्या दहा वर्षांतल्या अनुभवातून दोन वर्षे जातात. संगणक गौण असेल, तर पाच वर्षे जातात. पदवीचा संगणकाशी संबंधच नसेल, तर सहा वर्षे जातात आणि आरपीएलचे, म्हणजे कामातून मिळवलेले ज्ञान दाखवणारे, दोन प्रकल्प-अहवाल वेगळे लिहावे लागतात. कापलेली वर्षे खोटी ठरत नाहीत. ती पदवीतील उणीव भरून काढण्यात खर्ची पडतात. पत्रातील ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ एवढाच की खर्च तिथे संपला आणि शिल्लक तिथून सुरू झाली. ‘ऑगस्ट 2014 नंतर’ म्हणजे 1 सप्टेंबर 2014 पासून. नोकरी 2009 मध्ये लागली, हे खरे असले तरी पॉइंटच्या हिशेबात त्याला जागा नाही.

ईओआय भरताना प्रत्येक नोकरीपुढे एक प्रश्न येतो: ही नोकरी निवडलेल्या व्यवसायाशी संबंधित आहे का? मी 2009 ची तारीख घालून ‘हो’ म्हटले. त्या प्रणालीला तुमचे पत्र दिसत नाही. तुम्ही घातलेल्या तारखांवरून ती बेरीज करते. तिने मला आठ वर्षांहून अधिक अनुभवाचे 15 पॉइंट दिले. वयाचे 30, पदवीचे 15, इंग्रजीचे 20 आणि हे 15, असे 80 झाले. माझा खरा अनुभव तेव्हा पाच वर्षांना चार महिने कमी होता आणि त्याचे पॉइंट होते 5. म्हणजे मी 70 ची उमेदवार होते आणि रांगेत 80 ची म्हणून उभी होते.

मे 2019 मध्ये व्हिसासाठी अर्ज करण्याचे आमंत्रण आले. व्हिसाचे लाखांच्या घरातील शुल्क भरण्याआधी, एका रात्री कागदपत्रांना क्रमांक देत बसले असताना, ते वाक्य मी पहिल्यांदा शब्दशः वाचले. नवऱ्याला उठवले. तो म्हणाला, ‘‘अगं, अर्जात दुरुस्त करता येईल की.’’ तसे करता येत नाही. आमंत्रण ज्या पॉइंटवर मिळाले, ते त्या तारखेला तुमच्याकडे होते हे पुराव्यानिशी दाखवावे लागते; कमी भरले तर व्हिसा नाकारला जातो आणि शुल्क परत मिळत नाही. 60 दिवसांची मुदत होती आणि ती मी नुसती बघत घालवली. पुढच्या जानेवारीत मला तेहतीस पूर्ण झाली, वयाचे पाच पॉइंट गेले, आणि मार्चमध्ये तर जगाचीच दारे बंद झाली.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. एकाच कंपनीची दोन वेगळ्या नोंदींत विभागणी करा. पहिली नोंद रुजू झाल्यापासून पत्रातील महिन्याच्या अखेरीपर्यंत आणि तिच्यापुढे ‘नाही’. दुसरी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आणि तिच्यापुढे ‘हो’. नोकरी चालू असेल तर शेवटची तारीख रिकामी ठेवा, म्हणजे वर्षे भरतील तसे पॉइंट आपोआप वाढतील. पण नोकरी सोडलीत तर त्याच आठवड्यात ती तारीख भरा, नाहीतर न केलेल्या कामाचे पॉइंट तुमच्या नावावर चढत राहतील. ‘नाही’ लिहिताना जीव कासावीस होतो, हे मला माहीत आहे. पाच वर्षांचे काम आणि गर्दीतले प्रवास आपणच आपल्या हाताने पुसतो आहोत असे वाटते. तरीही लिहा.

ही 2009 ची तारीख मला कोणी सुचवली? अंधेरीतील एका सल्लागाराने. ‘‘मॅडम, सगळी वर्षे टाका, स्कोअर वाढतो,’’ हे त्याचे शब्द. सल्लागारांविषयी माझे मत तेव्हापासून वाईट आहे आणि ते बदलण्याची माझी तयारी नाही. ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेल्या मायग्रेशन एजंटला क्रमांक असतो आणि तो सार्वजनिक यादीत तपासता येतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर मात्र ती नोंदणी बंधनकारक नाही, म्हणून क्रमांक विचारण्याचा संकोच करू नका. अनुभवाची पत्रे विकत मिळतात असे सुचवणाऱ्याच्या कचेरीतून चहा न पिता उठा. खोटा कागद पकडला गेला तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढची तीन वर्षे बहुतेक व्हिसांची वाट बंद होते. आधी जाऊन पोहोचलेल्या मित्राचा सल्लाही जपूनच घ्यावा, कारण त्याची पदवी संगणकाची असेल तर त्याचा हिशेब तुम्हाला लागू नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने मला फक्त हुद्दा आणि तारखा दिल्या, कामाचे स्वरूप लिहून देण्यास नकार दिला. अशा वेळी बरोबर काम केलेल्या वरिष्ठाचे प्रतिज्ञापत्र चालते. स्वतःचे स्वतःविषयी चालत नाही. माझे वरिष्ठ सुट्टी काढून कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे आले, स्टॅम्प पेपरवर मजकूर उतरला, नोटरीने सही केली आणि गोल शिक्का नेमका रुजू झाल्याच्या तारखेवर उमटवला. ‘17’ चा ‘7’ दिसेना. सगळे पुन्हा करावे लागले, त्यामुळे शिक्का कोणत्या कोपऱ्यात मारायचा ते आधीच बोट ठेवून दाखवा. सोबत पगाराचा पुरावा लागतो, म्हणून फॉर्म 16 आणि पगारपत्रके पहिल्या वर्षापासूनची जपून ठेवा. कामाचे वर्णन व्यवसायांच्या सरकारी यादीतून उचलू नका. ती वाक्ये मूल्यांकन करणाऱ्यांना पाठ असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी विवाह प्रमाणपत्र सुरुवातीलाच जोडावे, कारण आपल्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचे आडनाव, मग वडिलांचे आणि आईचे नाव असते आणि पासपोर्टवर निराळीच व्यक्ती असते.

निकाल मनासारखा आला नाही, वर्षे जास्त कापली गेली, तर खचू नका. वर्षे पुढेही भरतात. माझ्या मूल्यांकनाची दोन वर्षांची आणि इंग्रजीच्या परीक्षेची तीन वर्षांची मुदत मधल्या काळात संपली, दोन्ही पुन्हा केले, दोन्हींचे पैसे पुन्हा भरले. नव्या पत्रातही ‘ऑगस्ट 2014 नंतर’ हेच शब्द होते. 31 ऑगस्ट 2022 रोजी माझी आठ वर्षे खरोखर पूर्ण झाली आणि जे 15 पॉइंट मी 2019 मध्ये नकळत उचलले होते, ते हक्काने मिळाले. वयाचे आता 25 होते, नवऱ्याच्या इंग्रजीचे 5 आणि ऑस्ट्रेलियातील एका राज्याने केलेल्या नामांकनाचे 5; पदवीचे आणि माझ्या इंग्रजीचे पूर्वीइतकेच धरून 85 झाले.

नोव्हेंबर 2022 मध्ये दुसरे आमंत्रण आले. त्या रात्री श्रीखंड आणू दिले नाही. नवऱ्याला समोर बसवून मूल्यांकनाचे पत्र मोठ्याने वाचायला लावले आणि मी ईओआयच्या छापील प्रतीवर एकेक तारीख पेन्सिलने खूण करत गेले.