झीरोएमक्यूचा जुना कोड नव्या इंटरफेसवर नेताय? या चुका टाळा

झीरोएमक्यू म्हणजे प्रोग्रॅममधे आपापसात मेसेज पाठवायची लायब्ररी. तिचा जुना कोड नव्या व्हर्जनवर न्यायचा आणि वरचा रॅपर (लायब्ररीवरचं आपलं आवरण) सुटसुटीत करायचा, हे काम मी बरीच वर्षं करतोय, आणि दुसऱ्यांनी अर्धवट केलेलं निस्तरतोय पण. दर वेळी चुका त्याच. नाव बदललं की कंपाइलर ओरडतो, ते सोपंय, पाच मिनिटात होतं. नाव तेच राहून अर्थ बदलला की कोणीच ओरडत नाही, आणि सगळी रड तिथेच आहे.

पोलचा टाइमआउट तसाच ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगतो. पोल म्हणजे मेसेज येईपर्यंत किंवा टाइमआउट होईपर्यंत वाट बघणं. २.x मधे झेडएमक्यू_पोल ला टाइमआउट मायक्रोसेकंदात द्यायचा. ३.x पासून मिलिसेकंदात. फंक्शनचं नाव तेच, टाइप तोच लाँग, एक वॉर्निंगसुद्धा येत नाही. म्हणजे जुन्या कोडात एक सेकंद म्हणून लिहिलेले १०००००० नव्या लायब्ररीत हजार सेकंद होतात, १६ मिनिटं ४० सेकंद.

चाकणला एका कारखान्यात मशीनचा डेटा गोळा करणारी सिस्टिम होती, तिचं अपग्रेड झालं आणि आठवड्याने मला फोन आला की रात्री कनेक्शन तुटतं, दिवसा एकदम मस्त चालतं. नेटवर्कवाल्यांनी स्विच बदलला, केबल बदलली, एकाने फायरवॉलवर खापर फोडलं. मी दोन रात्री तिथे बसलो. लूप असा होता की एक सेकंद पोल करायचं, परत आलं की घड्याळ बघायचं, वेळ झाली असेल तर समोरच्याला हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' असा निरोप, पाठवायचा. दिवसा मशीन चालू, मेसेज धो धो येतायत, त्यामुळे पोल लगेच परत येतो आणि हार्टबीट वेळेवर जातो. रात्री मशीन बंद, मेसेज नाही, पोल आपला बसलाय हजार सेकंद, आणि समोरचा म्हणतो हा मेला, तोडा कनेक्शन. शेवटी पोलच्या आधी आणि नंतर टाइमस्टॅम्प छापले तेव्हा लॉगमधे २:१०:०५, मग २:२६:४५, मग २:४३:२५ असं दिसलं. फरक दोन्हीकडे १६ मिनिटं ४० सेकंद. इतका नेमका फरक केबल खराब असल्यावर येत नाही. तीन शून्यं काढली, प्रश्न संपला.

तेव्हापासून माझी सवय अशी की अपग्रेडला हात लावायच्या आधी सगळे पोल शोधून कागदावर लिहून काढतो. सी++ असेल तर उघडा आकडा ठेवतच नाही, सीपीपीझेडएमक्यू या सी++ रॅपरचा पोल क्रोनोचे (सी++ च्या वेळेच्या टाइपचे) मिलिसेकंद घेतो, तेच वापरतो, म्हणजे एकक टाइपमधेच आलं. आणि टेस्ट करताना दहा मिनिटं काहीच न पाठवता सिस्टिम नुसती चालू ठेवतो. ही दहा मिनिटं द्यायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना मेसेज पळताना बघायचे असतात. शांत असताना काय होतं ते बघा, बग तिथे असतो.

मॅक्रो लावून मोकळं होणं

२.x मधे झेडएमक्यू_सेंड मेसेजचा पॉइंटर घ्यायचा आणि जमलं की ० परत करायचा. नंतर ते काम झेडएमक्यू_एमएसजी_सेंड कडे गेलं, आर्ग्युमेंटचा क्रम बदलला, आणि परत काय येतं, तर किती बाइट पाठवले तो आकडा. आता घाईवाले काय करतात, जुन्या नावाचा मॅक्रो करून नव्यावर ढकलतात, कंपाइल झालं की खूश. पण खाली शंभर ठिकाणी "आरसी (परत आलेला आकडा) शून्य नसेल तर एरर" असं लिहिलेलं असतं, म्हणजे मेसेज नीट गेला की प्रोग्रॅम एरर दाखवणार. आणि टेस्टमधे रिकामा मेसेज पाठवला असेल तर शून्यच येतं, टेस्ट पास! मॅक्रोचा शॉर्टकट मला मान्यच नाही. एकेक कॉल हाताने बदला, चाळीस असोत नाहीतर चारशे, आणि तपासणी "उणे एक आलं का" अशी करा.

इंटरफेस सोपा करायचा म्हणून एकच ग्लोबल सॉकेट

नवीन पोरांचा आवडता प्रकार. रॅपरमधे एक सिंगलटन (सगळ्या प्रोग्रॅमला एकच ऑब्जेक्ट), त्यात एक सॉकेट (मेसेज पाठवायचं-घ्यायचं टोक), कुठूनही सेंड मारा. वापरायला खरंच सोपं दिसतं. पण कॉन्टेक्स्ट (ज्यातून सॉकेट तयार होतात तो) थ्रेडसेफ आहे, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरला तरी चालतो, नेहमीचे सॉकेट नाहीत. मग म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड आत सोडणारं लॉक, लावतात. आता पोल करताना लॉक धरून ठेवलात तर पाठवणारा थ्रेड ताटकळतो, नाही धरलात तर एकाच सॉकेटमधे दोन थ्रेड घुसतात आणि लायब्ररीच्या आतच कुठेतरी असर्ट फुटतो, ज्याचा स्टॅक बघून काही म्हणता काही कळत नाही. मी सॉकेटचा मालक एकच थ्रेड ठेवतो, बाकीचे त्याला इनप्रॉकवरून (त्याच प्रोसेसच्या आतल्या रस्त्याने) निरोप देतात, प्रत्येकाची आपली पेअर सॉकेटची जोडी. कोड थोडा जास्त होतो, होऊ दे. क्लायंट आणि सर्व्हर हे नवे सॉकेट थ्रेडसेफ आहेत, पण ते ड्राफ्ट (अजून पक्क्या न झालेल्या) एपीआयमधले आणि त्यावर मल्टिपार्ट (अनेक भागांचे) मेसेज चालत नाहीत, म्हणून जुना कोड सरळ तिकडे हलवता येत नाही.

ऑप्शनल न बघता पुढे जाणं

सीपीपीझेडएमक्यूच्या नव्या रिसीव्हमधून ऑप्शनल (आत किंमत असेल किंवा नसेल असा टाइप) परत येतो, टाइमआउट झाला की तो रिकामा असतो. न बघता सोडलात तर कंपाइलर वॉर्निंग देतो. ही वॉर्निंग व्हॉइडचा कास्ट मारून गप्प करणारे मी पाहिलेत आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढा मॉडर्न इंटरफेस लोकांनी मेहनतीने केला तो यासाठीच ना!

बाकीच्या पटापट:

आरसीव्हीमोर (मेसेजचा अजून भाग यायचाय का ते सांगणारा ऑप्शन) आधी ६४ बिटी होता, आता साधा इंट. व्हेरिएबल आणि साइज दोन्ही इंटचे करा, नाहीतर पुढचा भाग आहे की नाही ते चुकीचं वाचलं जाऊ शकतं.

एचडब्ल्यूएम (रांगेत किती मेसेज थांबू शकतात ती मर्यादा) एक होता त्याचे दोन झाले, पाठवायचा वेगळा, घ्यायचा वेगळा. २.x मधे डिफॉल्टला मर्यादाच नव्हती, आता १०००. पब (सगळ्यांना प्रसारण करणाऱ्या) सॉकेटवरून एकदम पन्नास हजार मेसेज सोडलेत तर वरचे गुपचूप गळतात. आणि तो बाइंड किंवा कनेक्टच्या आधीच सेट करा, नंतर केलात तर त्या कनेक्शनला लागत नाही.

प्रोग्रॅम बंद होताना लटकतोय? एखादा सॉकेट बंद करायचा राहिलाय नाहीतर लिंगर (बंद होताना न गेलेल्या मेसेजसाठी किती थांबायचं ते) सेट केलेला नाही. लगेच शून्य टाकू नका, शेवटचे मेसेज हरवतील. मी साधारण एक सेकंद देतो.

सबला (पबचे मेसेज घेणाऱ्या सॉकेटला) काहीच येत नाही? सबस्क्राइब केलंय का बघा. सगळेच मेसेज हवे असतील तरी रिकाम्या स्ट्रिंगचं करावंच लागतं.

झेडएमक्यू_रिसीव्ह मेसेजची खरी लांबी परत करतो, तुमच्या बफरमधे किती मावलं ते नाही. बफर २५५ चा, मेसेज ४०० चा, परत ४०० येणार, आणि तुम्ही बफर[४००] मधे शून्य लिहिणार. आधी आकडा बफरच्या साइजशी ताडून बघा, मग शेवटचं शून्य लिहा.